चौदा भेक आणि एक सोनमोहर

बेडूकमावशींना कुणी बेडूकमावशी म्हटलेलं आवडत नसे. बेडूक म्हटलं म्हणून नव्हे, चुकीचं म्हटलं म्हणून. "बेडूक नाहीत हो ते, भेक आहेत," असं त्या बागेत येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आणि समोरच्याने "म्हणजे काय?" असं विचारायची वाट न बघता सुरू होत. बेडकाचं अंग गुळगुळीत आणि ओलसर, भेकाचं कोरडं आणि खडबडीत. बेडूक लांब उड्या मारतो; भेक आपला रांगत, थांबत, विचार करत जातो. बेडकाची अंडी गोळ्यात असतात, भेकाची माळेत. एवढं सगळं ऐकून घेतल्यावर शाळेची मुलं एका सुरात म्हणत, "थँक्यू, बेडूकमावशी!" आणि मावशी कपाळाला हात लावत.

बाग शहराची होती, आणि भेकघर बागेच्या अगदी मागच्या टोकाला. बुटकी खोली, वर जाळीचं छप्पर, आत दोन पलंगांएवढं सिमेंटचं तळं, भोवती ओली माती आणि लपायला अर्ध्या फोडून उपड्या घातलेल्या कुंड्या. त्यात चौदा भेक. या जातीचे भेक एका ओढ्याच्या काठीच तेवढे राहत. रस्ता रुंद झाला, ओढा नळात गेला, आणि बागेच्या प्राण्यांचे डॉक्टर हाताला लागले तेवढे भेक बादल्यांतून उचलून घेऊन आले. ते यांचे आईबाप. त्यांना सांभाळायला माणूस हवा होता तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली. मावशी त्या वेळी फाटकाजवळच्या तिकीटखिडकीत बसत. त्यांनी हात वर केला. "खिडकीतून इतकी वर्षं माणसं बघितली," त्या म्हणाल्या, "हे त्यांच्यापेक्षा वाईट नसतील."

ते वाईट नव्हतेच. अकरा वर्षांत मावशी प्रत्येकाला पाठीवरच्या फोडांवरून ओळखायला लागल्या होत्या. सगळ्यांत मोठी, सुस्त मादी होती तिला त्या आजीबाई म्हणत. कारण असो नसो, प्रत्येक गोष्टीवर कुरकुरणारा एक नर होता, तो वकील.

आणि या सगळ्यांच्या डोक्यावर उभा होता सोनमोहर.

सोनमोहराची ओळख करून द्यायला नको. शेंगा धरणाऱ्या झाडांतलं हे सगळ्यांत उधळं झाड. फुलतं तेव्हा पिवळंधमक, आणि मग पाकळ्या गाळायला लागतं ते थांबायचं नाव नाही. पाकळ्या संपल्या की बारीक पानं, पानं संपली की तांबूस चपट्या शेंगा. भेकघरामागचा हा सोनमोहर मावशींच्या नवऱ्याने लावलेला होता. ते बागेच्या रोपवाटिकेचे प्रमुख; सगळे त्यांना माळीबुवा म्हणत. बोलणं बेताचं. पाच शब्दांत भागत असेल तर सहावा काढायचा नाही, हा त्यांचा बाणा.

त्यामुळे घरी रोजचं जेवण म्हणजे भेक आणि झाड यांचा सामना असे, आणि त्यात मावशींच्या तोंडाचा पट्टा जास्त चाले.

"आज पुन्हा तुमच्या शेंगा तळ्यात."

"झाड आधीचं आहे. तळं नंतर बांधलं."

"माझे चौदा आहेत, जगात एवढेच. तुमची झाडं बसथांब्यापासून घरापर्यंत सहा मोजली मी आज."

"माझं झाड ऊन खाऊन सावली देतं. तुझे किडे खाऊन काय देतात?"

"शांतता देतात. घरात मिळत नाही ती."

माळीबुवा हसून पाणी पीत आणि थोड्या वेळाने म्हणत, "झाड फुललं की माणसं थांबून वर बघतात. भेक दिसला की मागे सरकतात."

"म्हणूनच त्यांना मी लागते. तुमच्या झाडाला काय, कोणीही चालतं."

परगावी नोकरी करणारी त्यांची मुलगी दर रविवारी फोन करायची. तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "धाकटी भावंडं कशी आहेत?" आणि दुसरा, "आणि थोरलं?" थोरलं म्हणजे सोनमोहर. तो तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा होता. त्याच्या जन्माची कथाही तिला पाठ होती, कारण ती आईबापांच्या लग्नाचीही कथा होती.

झालं होतं असं. एकोणतीस वर्षांपूर्वी, एका रिकाम्या दुपारी, मावशी तिकीटखिडकीत बसून नखं घासत होत्या. बागेत नवीन आलेला एक माळी खिडकीशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "ती कानस जरा देता?" मावशींनी त्याच्या मातीने भरलेल्या नखांकडे बघितलं आणि फिस्सकन हसल्या. पण त्याला ती बियांसाठी हवी होती. सोनमोहराच्या बीचं कवच इतकं टणक की पाणी आत शिरत नाही. एका कडेला जरासं घासून द्यावं लागतं, मग भिजत घालायचं, मग कुठे कोंब येतो. बत्तीस बिया त्याने त्या नाजूक कानशीवर घासल्या. कानस गुळगुळीत होऊन परत आली. त्यानंतर तो रोज खिडकीशी येऊन सांगू लागला: आज दोन उगवल्या, आज पाच, आज एक माना टाकतेय. बातम्या देता देता लग्न ठरलं. उगवलेल्या बारा रोपांतलं सगळ्यांत तरतरीत रोप त्याने बागेच्या मागच्या टोकाला लावलं. बाकीची शहराच्या रस्त्यांवर गेली. कानस काही बदलून मिळाली नाही, आणि "माझी कानस आणा" हे वाक्य त्या संसारात आजतागायत अधूनमधून ऐकू येत होतं.

इथवर सगळं गोडच होतं. दुखणं एकच होतं. चार वर्षांत भेकांनी एकही माळ घातली नव्हती.

चार वर्षांपूर्वी भेकघरात कातडीचा एक रोग शिरला आणि नऊ भेक गेले. डॉक्टर म्हणाले, स्वच्छता ठेवा, आठवड्यातून एकदा तळं घासा. मावशींनी ऐकलं ते असं, की रोज घासा. तेव्हापासून त्या सकाळी तळं उपसत, ब्रशने घासत, नळाचं ताजं पाणी भरत आणि दिवसभर हातात जाळी घेऊन पडलेली पाकळी अन् पाकळी वेचत. नेमक्या त्याच सुमाराला सोनमोहराच्या फांद्या जाळीच्या छपरावर येऊन टेकल्या. रोग गेला, भेक धट्टेकट्टे झाले, पण अंडी नाहीत. मावशींनी हिशेब मांडला: पूर्वी झाड वर नव्हतं, अंडी होती, आता झाड आहे, अंडी नाहीत. दोषी कोण हे सांगायला डॉक्टर कशाला हवेत?

डॉक्टर दुसरंच सांगायला आले. "मावशी, वरून पत्र आलंय. यंदा अंडी मिळाली नाहीत तर भेकघर बंद. हे चौदा मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जातील."

"तिथे कसं होईल त्यांचं?"

"चांगलं होईल. काळजी घेतात ते लोक."

"काळजी घेतील हो. ओळखतील का?"

डॉक्टरांनी पत्राची घडी केली आणि ते निघाले.

त्या दुपारी मावशींनी भेकघरातल्या स्टुलावर बसून अर्ज लिहिला. विषय: भेकघरामागील सोनमोहराचे झाड तोडणेबाबत. सही ठसठशीत केली. कचेरीत व्यवस्थापक बाईंनी अर्ज वाचला आणि म्हणाल्या, "दोन्ही बागेचंच आहे. दोघांची तुलना करून माहिती द्या, मग ठरवू." मग हेडक्लार्कने एक तक्ता पुढे केला. डावीकडे भेक, उजवीकडे झाड, खाली प्रश्न: वय, संख्या, देखभाल, लोकांना आकर्षण, आणि सगळ्यांत शेवटी, गेल्यास पुन्हा मिळेल का? मावशींनी डावी बाजू भरली. शेवटच्या प्रश्नापुढे लिहिलं, "नाही," आणि खाली दोन रेघा ओढल्या.

"झाडाची बाजू आम्ही भरून घेतो," हेडक्लार्क म्हणाला.

झाडाबद्दल या बागेत विचारायचं कोणाला, हा विचार मावशींच्या मनात आला नाही. किंवा आला असेल, तर त्यांनी तो हाकलून लावला. माणूस स्वतःशी इतपत लबाडी करतोच. घरी मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नाही. त्या रात्री नवऱ्याच्या ताटात न विचारता दोनदा भाजी वाढली, एवढंच.

आठवड्याने मंजुरी आली. झाड तोडणारी माणसं पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी येणार होती. मंजुरीचा कागद हातात घेऊन मावशी भेकघराकडे आल्या, दारातल्या ओल्या पाकळ्यांवरून पाय सटकला आणि गुडघ्यावर आपटल्या. "बघा, मला पण सोडलं नाही तुमच्या झाडाने," असं त्या उचलायला आलेल्या माळीबुवांना म्हणाल्या. कागद मात्र आधी पदराखाली लपवला.

दोन आठवडे सक्तीची विश्रांती. भेकांचं काय करायचं हा प्रश्नच नव्हता. माळीबुवांशिवाय दुसरा कोण होता? मावशींनी पाय उशीवर ठेवून सूचनांची सरबत्ती केली. तळं रोज घासायचं. नळाचं ताजं पाणी. जाळीने दिवसातून दोनदा पाकळ्या काढायच्या. संध्याकाळी दहा मिनिटं पाण्याचा फवारा, मग किडे. आजीबाईंना गांडुळं जास्त आवडतात. वकिलाकडे लक्ष द्यायचं नाही.

"बरं," माळीबुवा म्हणाले.

रोज संध्याकाळी ते घरी आले की पलंगावरून प्रश्न येई, "तळं घासलंत?"

"हं."

माळीबुवांच्या या "हं"चे अर्थ अनेक होते. हो, नाही, बघू, ऐकलं नाही, सगळं त्यात बसत असे. एरवी मावशींना ते आवाजावरून कळायचं. पण गुडघा ठणकत होता, आणि मनात तो अर्जही ठणकत होता. नवऱ्याच्या डोळ्यांत फार वेळ बघणं त्या टाळतच होत्या. त्यांनी "हं" म्हणजे हो धरलं.

बाराव्या दिवशी, शनिवारी, मावशींना घरात बसवेना. माळीबुवा कामावर गेल्यावर त्यांनी काठी घेतली, बस पकडली आणि बाग गाठली. रोपवाटिकेवरून जाताना त्यांना कोपऱ्यात हिरव्या जाळीची सावली केलेली दिसली, तिच्याखाली फुटक्या कुंड्या उपड्या घातलेल्या आणि मध्ये एक जुना हौद. या माणसाला पसारा करायला तेवढा येतो, असं मनात म्हणत त्या पुढे गेल्या आणि त्यांनी भेकघराचं दार उघडलं.

तळं दिसत नव्हतं. दिसत होत्या त्या पाकळ्या. त्यांच्याखाली पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस झालं होतं, तळाशी पानांचा थर, आणि कोपऱ्यात, जाळी उसवली होती तिथून, एक अख्खी वाळकी डहाळी शेंगांसकट पडलेली. मधोमध माळीबुवा उभे, हातात रोपांना पाणी घालायची झारी.

"अहो! हे काय करून ठेवलंत?"

"तू कशाला आलीस? पाय..."

"पायाचं सोडा! मी काय सांगितलं होतं? घासलंत म्हणालात ना रोज?"

"हं म्हणालो."

मावशींचा पारा असा चढला की काठी भिंतीवर आपटली गेली. तेव्हा माळीबुवांनी झारी खाली ठेवली आणि त्यांच्या आयुष्यातलं बहुधा सगळ्यांत लांब भाषण केलं.

"अगं, पहिल्या दिवशी घासायला गेलो, पण हात धजेना. नळाचं ताजं पाणी आपण कोवळ्या रोपाला देत नाही. दोन दिवस टाकीत ठेवतो, मग देतो. म्हणून यांना टाकीतलं दिलं. गळलेलं पान मी कधी उचलत नाही, ते तिथेच मुरायचं असतं. आणि तुझा दहा मिनिटांचा फवारा... माती तरी भिजते का तेवढ्यात? रोपांवर मी पाऊण तास झारी धरतो. यांच्यावरही धरली. रोज, सकाळ संध्याकाळ."

"रोपं आहेत का ही?"

"मला तेवढंच येतं," माळीबुवा खाली बघत म्हणाले.

मावशी आणखी बोलणार होत्या. पण त्यांना एकदम जाणवलं की आत फार शांतता आहे. दारात पाऊल पडताच कुरकुरणारा वकील आज गप्प होता. त्या काठीवर भार देत वाकल्या. वकील पाण्यात होता, आजीबाईंच्या पाठीला घट्ट मिठी मारून, दोघंही त्या वाळक्या डहाळीशी. आणि डहाळीवर, एका शेंगेवरून दुसऱ्या शेंगेवर, काळे मणी ओवलेला पारदर्शक दोरा वेढे घेत गेला होता. एक वेढा, दोन, पाच. पलीकडच्या पानांतून आणखी एक दोरा जात होता, तो दुसऱ्या कुठल्या मादीचा.

गुडघा विसरून मावशी तशाच ओल्या जमिनीवर बसल्या. इतका आनंद त्यांना मुलगी झाली तेव्हाच झाला होता, आणि तेव्हाही त्या अशाच रडल्या होत्या, नाक ओढत, कोणाचीही पर्वा न करता.

डॉक्टर धावत आले. भिंग लावून बघितलं, तीन हजारांच्या आत नसतील म्हणाले. "आता भेकघर बंद करायची कोणाची हिंमत नाही." मग कारण शोधू लागले. "हा लांबलेला फवारा पावसासारखा वाटला असेल. साठवलेलं पाणी असेल. पानांचा अर्क उतरलाय, तो असेल. अंडी गुंडाळायला डहाळी मिळाली, तेही आहे." जरा घुटमळून ते पुढे म्हणाले, "आणि मावशी, रागावू नका, रोजची घासाघीस नव्हती, हेही असेल."

मावशी रागावल्या नाहीत. डॉक्टर गेल्यावर हळूच म्हणाल्या, "म्हणजे चार वर्षं मीच आडवी आले होते की."

"रोगाच्या साली तू घासलं नसतंस," माळीबुवा म्हणाले, "तर आज अंडी घालायला उरलं कोण असतं?"

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि जाळीतून मूठभर पाकळ्या तळ्यात पडल्या. मावशींनी वर बघितलं. आज शनिवार. सोमवारी करवत येणार होती.

"मी कचेरीत जाऊन येते," त्या म्हणाल्या.

"मी येऊ?"

"नको, नको. तुम्ही झारी धरा."

हेडक्लार्कने कपाटातून फाईल काढून समोर ठेवली. अर्ज मागे घ्यायचा तर कारण लिहून द्यावं लागेल म्हणाला, आणि नवा कागद शोधायला आत गेला. मावशींनी फाईल उघडली. वर तोच तुलनेचा तक्ता. डावी बाजू त्यांची. उजवी बाजू कोणीतरी बारीक, डावीकडे झुकलेल्या अक्षरात भरली होती. ते अक्षर त्या एकोणतीस वर्षं रोपांच्या पाट्यांवर बघत आल्या होत्या.

वय: एकोणतीस. संख्या: शहरात भरपूर. देखभाल: नाही. लोकांना आकर्षण: फुलतं तेव्हा.

गेल्यास पुन्हा मिळेल का? मिळेल. बी घासून लावावं लागतं.

खाली शेरा होता. "झाड तोडण्यास हरकत नाही. मात्र करवतीचे हादरे भेकांना सोसत नाहीत. आधी त्यांना रोपवाटिकेत हलवावे. तिथे सावली आणि हौद यांची सोय मी करतो." सही. तारीख मावशींच्या अर्जाच्या दुसऱ्या दिवसाची.

मावशी जवळच्या बाकावर बसल्या. दुसऱ्या दिवशी. म्हणजे गुडघा आपटला त्या दिवशी माळीबुवांना अर्जाचं ठाऊक होतं. पदराखाली कागद लपवला तोही दिसला असणार. आपल्याच झाडाखाली उभं राहून त्यांनी बारा दिवस झारी धरली, एक शब्द बोलले नाहीत, आणि कोपऱ्यात तो पसारा मांडून ठेवला. पसारा! मावशींना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली, आणि त्याच वेळी असंही वाटलं की आपल्याइतकं नशीबवान माणूस या कचेरीत आजवर येऊन बसलं नसेल.

हेडक्लार्क कागद घेऊन आला. मावशींनी कारणाच्या जागी लिहिलं, "गेल्यास पुन्हा मिळणार नाही," आणि खाली दोन रेघा ओढल्या.

"हे भेकांचं ना?" त्याने चष्म्यावरून बघत विचारलं.

"झाडाचं."

"पण शहरात भरपूर आहेत, असं इथे लिहिलंय."

"लिहिणाऱ्याला काय कळतंय," मावशी म्हणाल्या आणि काठी उचलली.

घरी जाताना त्या बसथांब्याजवळच्या दुकानात थांबल्या. रात्री जेवताना त्यांनी माळीबुवांच्या ताटाशेजारी एक छोटी नवी कोरी कानस ठेवली.

माळीबुवा घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. "ही तुझी?"

"तुमची. बिया घासायला. भेकघराच्या पलीकडच्या बाजूला अजून दोन सोनमोहर लावा. पिल्लं वाढली की पानं कमी पडतील." मग भुवई उंचावून त्या म्हणाल्या, "माझी अजून यायची आहे."

माळीबुवांनी कानस उचलून अंगठ्याने तिची खरखर चाचपली. मग विचारलं, "फाईल बघितलीस?"

"हं," मावशी म्हणाल्या आणि न विचारता त्यांच्या ताटात भाजी वाढली.